गिथेरी: मका आणि घेवडा एकाच भांड्यात

गिथेरीचं यशापयश उकडण्यात ठरतं. फोडणी अर्ध्या तासाचं काम, तिथे फारसं काही बिघडत नाही. पण मका आत कच्चा राहिला किंवा घेवड्याचा लगदा झाला, तर वरून कितीही कांदा-टोमॅटो घातला तरी पोरं चमचा खाली ठेवतात. म्हणून या लेखात भर उकडण्यावरच आहे.

केनियात माउंट केनिया आणि अबरडेअर डोंगरांच्या उतारांवर राहणाऱ्या किकुयू लोकांचं हे घरोघरचं जेवण: अख्खा वाळलेला पांढरा मका आणि कडधान्य, पाण्यात तासन्‌तास उकडलेलं. मेरू लोक याला मुथेरे म्हणतात, कांबा लोक इस्यो, व्हिक्टोरिया सरोवराकडचे लुओ लोक न्योयो. शाळांच्या वसतिगृहांत तर हे ठरलेलंच. ऑगस्ट २०१७ च्या निवडणुकीत मतदानाच्या रांगेत प्लास्टिकच्या पिशवीतून गिथेरी खाणाऱ्या एका माणसाचा फोटो देशभर गाजला, कारण त्यात प्रत्येकाला स्वतःच्या घरचं जेवण दिसलं.

मका आणि घेवडा दोन्ही मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगिजांबरोबर मका पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर आला, पण डोंगराळ भागात तो मुख्य धान्य झाला ब्रिटिश काळात. त्याआधी तिथल्या भांड्यात ज्वारी-बाजरीसारखी धान्यं, वाल, चवळी आणि तूर असायची. यातला वाल अजूनही टिकून आहे. किकुयू लोक त्याला न्जाही म्हणतात. काळा दाणा आणि त्यावर पांढरी रेघ. कोकणात ज्याच्या डाळिंब्या होतात त्याच जातीचं हे कडधान्य. बाळंतिणीला न्जाही आवर्जून खाऊ घालतात. कांबांच्या कोरड्या प्रदेशात घेवड्याच्या जागी अख्खी तूर पडते. तेव्हा कडधान्याच्या बाबतीत आपल्याला परकं असं काही नाही. अडचण आहे ती मक्याची.

मका कुठला घ्यायचा? स्वीट कॉर्न अजिबात नाही. त्यात साखर जास्त आणि स्टार्च कमी, दहा मिनिटांत शिजतो आणि रस्सा गोडमिट्ट करून टाकतो. पॉपकॉर्नचे दाणेही नकोत. त्यांचं टरफल जाड आणि आतला भाग काचेसारखा कडक, चार तास उकडले तरी दाताखाली करकरतात. हवा तो मोठ्या, चपट्या दाण्याचा, पिठूळ गाभ्याचा पांढरा मका. केनियात बाजारात तो गोरोगोरोने मिळतो, म्हणजे साधारण दोन किलो धान्य मावेल अशा पत्र्याच्या डब्याने मोजून. महाराष्ट्रात सातपुड्याच्या पट्ट्यात भाकरीसाठी पांढरा देशी मका पिकतो, तो मिळाला तर उत्तम. नाहीतर खाण्यासाठी विकला जाणारा वाळलेला पिवळा मका चालेल. चव थोडी उग्र आणि शिजायला पंधरा-वीस मिनिटं जास्त. पेरणीचा मका चुकूनही वापरू नका. गुलाबी किंवा हिरवट रंग चढवलेल्या दाण्यांना विषारी औषध चोळलेलं असतं, ते धुऊन जात नाही. पशुखाद्य म्हणून विकला जाणारा मकाही टाळा, त्यात बुरशीची शक्यता जास्त.

बुरशीचा मुद्दा मी फार गांभीर्याने घेते. २००४ साली पूर्व केनियात, माकुएनी आणि किटुई या भागांत, ओलसर साठवलेल्या मक्यावरच्या बुरशीतून तयार होणाऱ्या अफ्लाटॉक्सिनमुळे ३१७ जण आजारी पडले आणि त्यातले १२५ दगावले. हे विष उकळून जात नाही, कुकरमध्येही नाही. त्यामुळे मका ताटात पसरून निवडायलाच हवा. हिरवट-काळपट, सुरकुतलेले, फुटके आणि टोका पडलेले दाणे बाहेर. मग पाण्यात टाकल्यावर जे वर तरंगतील तेही काढून टाका. डब्याला कुबट वास येत असेल तर निवडत बसू नका, सगळा मका फेकून द्या.

घेवड्यासाठी केनियात रोजकोको नावाचा लाल ठिपक्यांचा दाणा सगळ्यात लोकप्रिय. त्याच्या जवळचा आपल्याकडचा म्हणजे कोरेगावचा वाघ्या घेवडा. चव गोडसर, साल पातळ, रस्सा दाट करणारा. माझी पहिली पसंती त्यालाच. तो नसेल तर चित्रा राजमा. काश्मिरी लाल राजम्याने रंग छान येतो, पण तो सगळ्या मक्याला तांबूस करतो. चवळी घातली तर ती मक्याच्या कितीतरी आधी शिजते हे लक्षात ठेवा.

पाच-सहा जणांच्या घरासाठी ३५० ग्रॅम मका आणि १९० ग्रॅम घेवडा, म्हणजे मापाच्या कपाने दोन कप मका आणि एक कप घेवडा. दोनास एक हे प्रमाण चवीसाठीही बरोबर आहे. मक्याच्या प्रथिनांत लायसिन हा शरीराला लागणारा घटक कमी असतो आणि घेवड्यात तो भरपूर, म्हणून दोघांची जोडी पोषणाच्या दृष्टीने भक्कम. लहान मुलं असतील तर एकास एक घ्या, पोट लवकर भरतं आणि चावायलाही सोपं जातं.

दोन्ही वेगवेगळ्या भांड्यांत भिजवा. एकत्र भिजवलं की पुढे वेगळ्या वेळी टाकता येत नाही, आणि गिथेरी बिघडण्याचं सगळ्यात मोठं कारण तेच. मक्याला बारा तास हवेत, घेवड्याला आठ. घेवड्याच्या पाण्यात लिटरमागे दोन लहान चमचे मीठ घाला. मिठाने कडधान्य कडक होतं असं आपण पिढ्यान्‌पिढ्या ऐकत आलो, पण भिजवताना घातलेलं मीठ सालीतल्या कॅल्शियमची जागा घेतं आणि साल मऊ पडते. दाणे फुटतातही कमी. नैरोबीची रात्र गार असते, तिथे भांडं ओट्यावर राहिलं तरी चालतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये तेच भांडं सकाळी आंबून फेसाळलेलं सापडेल. उन्हाळ्यात फ्रिजमध्येच भिजवा आणि दोन-तीन तास जास्त द्या.

भिजवलेलं पाणी ओतून टाका, दोन्हींचं. राजमा-घेवड्याच्या बाबतीत हा नियम चवीपुरता नाही. कच्च्या घेवड्यात लेक्टिन नावाचं द्रव्य असतं, आणि लाल राजम्यात सगळ्यात जास्त. अर्धकच्चे चार-पाच दाणेसुद्धा उलट्या आणि पोटदुखीला पुरतात. खळखळून उकळल्यावर ते निकामी होतं. मंद आचेच्या विजेच्या भांड्यात कडधान्य भिजवून थेट टाकणं मात्र धोक्याचं, कारण तिथे पाणी उकळीपर्यंत पोचतच नाही आणि विषारीपणा उलट वाढतो. असं भांडं वापरायचंच असेल तर घेवडा आधी गॅसवर अर्धा तास खळखळून उकळून घ्या.

आता उकडणं. पाच लिटरच्या कुकरमध्ये मका, १.४ लिटर पाणी आणि एक लहान चमचा तेल. तेलाने फेस दबतो. नाहीतर मक्याचा चिकट फेस शिट्टीत अडकतो. पहिली शिट्टी झाली की आच एकदम मंद करा आणि घड्याळ लावून ३५ मिनिटं ठेवा. शिट्ट्या मोजू नका. आच मोठी ठेवली तर दहा मिनिटांतही आठ शिट्ट्या होतात आणि दाणा तसाच राहतो. महत्त्वाचा आहे तो दाबाखाली गेलेला वेळ.

कुकर उघडून एक दाणा सुरीने मधोमध कापा. आत खडूसारखा पांढरा, कोरडा ठिपका दिसला तर अजून दहा मिनिटं. ठिपका बारीक होत आलेला असेल तर घेवडा टाकायची वेळ झाली. निथळलेला घेवडा घाला, दीड लहान चमचा मीठ घाला, पाणी दाण्यांच्या वर दोन बोटं आहे ना ते पाहा, कमी असेल तर उकळतं पाणी वाढवा. कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरलेला नको. पुन्हा दाब आल्यावर मंद आचेवर वाघ्या घेवड्याला १२ मिनिटं, चित्राला १५, जाड लाल राजम्याला २०.

या वेळी वाफ जबरदस्तीने काढू नका. मक्याच्या टप्प्यात शिट्टी उचलून वाफ सोडली तर बिघडत नाही, पण घेवड्याच्या टप्प्यात दाब अचानक उतरला की दाण्याच्या आतलं पाणी भसकन उकळतं आणि साल फाटून गर बाहेर येतो. पंधरा-वीस मिनिटं थांबा, झाकण आपोआप सैल होऊ द्या. घेवड्याचा दाणा जिभेने टाळूवर दाबला की विरघळायला हवा, पण चमच्यात तो अख्खा दिसायला हवा. मक्याचा दाणा फुगून टोकाशी फुटलेला असतो. त्याचं टरफल दाताला लागतं, ते लागणारच. टरफल मऊ होण्याची वाट पाहत राहिलात तर घेवडा संपला.

कुकरशिवाय करायचं असेल तर जाड बुडाचं खोल भांडं घ्या. मका आधी दीड तास, मग घेवडा घालून आणखी तास-सव्वा तास, पहिली दहा मिनिटं खळखळून आणि नंतर झाकण ठेवून. पाणी कमी पडेल तसं उकळतंच घाला. गार पाण्याने उकळी बसते आणि प्रत्येक वेळी पाच-दहा मिनिटं वाया जातात. केनियातल्या डोंगराळ गावांत हेच काम तीन तासांच्या पुढे जातं. नैरोबी सुमारे १,८०० मीटर उंचीवर आहे, तिथे पाणी ९४ अंशांच्या आसपासच उकळतं. पुण्यात ते ९८च्या जवळ. चार अंशांचा हा फरक घेवड्याला चांगलाच जाणवतो. कुकरमध्ये तापमान १२० अंशांच्या घरात जातं, म्हणून वेळ निम्म्याहून कमी होतो.

इतकं करूनही कधी घेवडा शिजतच नाही. याची कारणं बहुतेक वेळा तीनच. एक, दाणा जुना. उष्ण आणि दमट जागी वर्ष-दोन वर्षं पडलेल्या कडधान्याच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन कॅल्शियम-मॅग्नेशियमशी घट्ट बांधलं जातं आणि मग ते सुटत नाही. दोन, पाणी जड. बोअरच्या पाण्यातही तेच क्षार असतात. भिजवायला आणि उकडायला क्षार काढणाऱ्या (आरओ) यंत्राचं पाणी वापरून पाहा. तीन, टोमॅटो किंवा चिंच आधीच पडली. आंबटपणा पेक्टिनला विरघळू देत नाही, म्हणून आंबट काहीही उकडताना नको.

केनियात जुन्या घेवड्यावर उपाय म्हणून मगाडी घालतात, मगाडी सरोवराच्या काठी मिळणारा खार. आपल्या पापडखारासारखाच तो काम करतो, दाणा झटपट मऊ पडतो. पण मक्याला साबणासारखी चव येते, रंग पिवळट होतो आणि घेवड्यातलं ब१ जीवनसत्त्व नष्ट होतं. अगदीच अडलं तर फक्त मक्याच्या भिजवण्याच्या पाण्यात पाव लहान चमचा खायचा सोडा घाला आणि ते पाणी ओतून मका दोनदा धुवा. घेवड्याला सोडा लावू नका. घेवडा जुना असेल तर तो उसळीसाठीही कामाचा नाही, नवा आणा.

टरफल ज्यांना नकोच, घरात कुणी दात नसलेलं असेल, त्यांच्यासाठी कांबांची रीत आहे. ते मका सडून घेतात आणि त्याला मुथोकोई म्हणतात. ओलसर केलेला मका उखळात मुसळाने कांडायचा, टरफल आणि टोकाचा काळा भाग सुटला की सुपात पाखडायचा. मिक्सरमध्ये हे नीट होत नाही, दाणे तुटतात. उखळ नसेल तर थोडा मका जाड फडक्यात बांधून खलबत्त्यात हलक्या हाताने कुटा. सडलेला मका लवकर शिजतो, पाणी जास्त पितो (२०० मिलि वाढवा) आणि तोंडात लोण्यासारखा होतो. बुरशीचा अंशही टरफल आणि टोकाबरोबर बराच निघून जातो, मात्र पूर्ण नाही, त्यामुळे निवडणं टळत नाही.

वालाची गिथेरी करायची तर वाल रात्रभर भिजवून दहा मिनिटं उकळा, ते कडवट पाणी फेका आणि मग मक्याबरोबर टाका. आपले कडवे वाल असतील तर असं दोनदा करा.

आता फोडणी. मोहरी, जिरं, हिंग, गोडा मसाला यातलं काहीही नको, असं माझं स्पष्ट मत आहे. उकडलेल्या मक्याला एक दुधाळ, गवताळ वास असतो आणि गिथेरीची चव म्हणजे तो वास. मसाल्याखाली तो जातो आणि उरते मका घातलेली उसळ. केनियात शहरी घरांत रॉयको नावाचं तयार मिश्रण किंवा थोडी करी पावडर घालतात. अर्धा लहान चमचा करी पावडर पुरे.

जाड कढईत तीन मोठे चमचे तेल, त्यात दोन मध्यम कांदे बारीक चिरून, गुलाबी होईपर्यंत. लसणाच्या चार पाकळ्या ठेचून. मग तीन बटाटे, साधारण ३०० ग्रॅम, दोन सेंटिमीटरच्या फोडी करून, आणि दोन गाजरं. त्यावर गिथेरी उकडल्याचं पाणी एक कप. ते पाणी ओतून देऊ नका, त्यात स्टार्च आणि घेवड्याची सगळी चव उतरलेली असते. झाकून आठ मिनिटं. बटाटा जवळजवळ शिजला की मगच तीन टोमॅटो, कारण आंबट पडल्यावर बटाट्याच्या फोडीही कडक राहतात. टोमॅटो विरघळला की उकडलेली गिथेरी आणि आणखी दीड कप पाणी. मंद आचेवर दहा मिनिटं. पाच-सहा बटाट्याच्या फोडी डावाच्या पाठीने कढईच्या कडेला चेपा, रस्सा धरून येतो. शेवटच्या चार मिनिटांत मूठभर चिरलेला कोबी किंवा केलची पानं. आपल्याकडे केल नसेल तर पालक नको, तो पाणी सोडतो, माठ घ्या. वर कोथिंबीर. मीठ आता चाखून, आधीचं लक्षात ठेवून.

रस्सा ताटात पसरू नये, दाण्यांभोवती धरून राहावा. थंड होताना तो आणखी आटतो, तेव्हा उतरवताना थोडा सैलच ठेवा. सोबत पिकलेल्या अवोकाडोच्या फोडी, आणि कांदा, टोमॅटो, मिरची, लिंबाची कचुंबर. पोळी-भाताची गरज नाही, हे एकाच ताटाचं पूर्ण जेवण आहे.

पावसाळ्याच्या शेवटी ताजी देशी कणसं येतात तेव्हा हा सगळा खटाटोप निम्मा होतो. दाण्यावर नख रुतवल्यावर दूध उडत असेल तर कणीस कोवळं, गिथेरीला नको. नख जेमतेम रुततं आणि आत घट्ट पीठ लागतं, असं कणीस घ्या. त्याचे दाणे आणि शेंगांतून सोललेला ताजा घेवडा किंवा पावटा भिजवायचा नाही. एकत्रच उघड्या भांड्यात चाळीस-पन्नास मिनिटं. याला फोडणीही नाही दिली तरी चालते, मीठ आणि वरून थोडं लोणी.

उरलेल्याचं काय करायचं हे आधीच ठरवून दुप्पट उकडावं, केनियातली घरं तसंच करतात. एकदा मोठ्या भांड्यात उकडायचं आणि रोज लागेल तेवढ्यालाच फोडणी द्यायची. शहरांत कोळशाच्या शेगडीवर उकडलेली गिथेरी मापाने विकणाऱ्या बाया असतात, लोक ती घरी नेऊन फोडणी देतात. फोडणी न दिलेली गिथेरी फ्रिजमध्ये तीन-चार दिवस आणि फ्रीझरमध्ये दोन महिने राहते. कांदा-टोमॅटो-कोबी पडलेली दुसऱ्या दिवशीच आंबूस होऊ लागते. गरम कुकरमध्ये रात्रभर ठेवू नका. परातीत पसरून गार करा आणि दोन तासांच्या आत पाण्यासकट फ्रिजमध्ये ठेवा. निथळून ठेवली तर मका वरून सुकून पुन्हा चिवट होतो.

उरलेल्या गिथेरीचा मुकिमोही होतो, पाहुणे येणार असतील तर तोच करतात. एक किलो बटाटे सोलून मोठ्या फोडींत उकडा, शेवटच्या पाच मिनिटांत भोपळ्याचा कोवळा पाला, शिरा सोलून आणि बारीक चिरून, दोन मोठ्या मुठी. पाणी निथळा पण अर्धा कप राखून ठेवा. त्यात दोन कप निथळलेली गिथेरी घालून लाकडी दांड्याने गरम असतानाच चेचा, राखलेलं पाणी लागेल तसं घाला. बटाटा आणि पाला एकजीव व्हावा, मक्याचे दाणे मात्र अख्खे दिसावेत. मिक्सर लावला तर बटाट्याचा स्टार्च ताणला जाऊन गोंद होतो. कांदा तेलात तांबूस परतून त्यात हे कालवा आणि गरमच वाढा, गार झाल्यावर ते घट्ट बसतं.